वॉशर भिजण्यापुरतं पाणी

टँकर वस्तीच्या फाट्याशी आला, त्याचा वेग कमी झाला आणि तो तसाच पुढं निघून गेला. रस्त्यात खड्डा होता म्हणून वेग कमी झाला होता, पण हे कळेपर्यंत तीस-पस्तीस बायका हंडे, कळशा, रंगाचे रिकामे डबे घेऊन फाट्यापर्यंत धावत गेल्या होत्या. टँकरच्या मागच्या तोटीतून पाणी ठिबकत होतं. त्याची ओली रेघ धुळीत दूरवर गेली आणि बायका बघत असतानाच वाळली.

परतताना त्या मिस्त्रिणीच्या दारावरून आल्या. दुसरा रस्ता होता, पण आज त्यांना हाच हवा होता.

"पाणी नाही कसं? आहे की," कोपऱ्यावरची शिंपीण मोठ्यानं म्हणाली. "हिच्या फोटोत आहे. हिच्या फोनखाली हंडा धरा, भरेल."

सगळ्या हसल्या. मग शिंपिणीनं आपला रिकामा हंडा मिस्त्रिणीच्या उंबऱ्यासमोर ठेवला. तिचं बघून दुसरीनं ठेवला, तिसरीनं ठेवला. थोड्या वेळात दारापासून रस्त्यापर्यंत रिकाम्या भांड्यांची रांग लागली. मिस्त्रीण आत भिंतीला टेकून उभी होती. तिला राग यायला हवा होता, पण आली ती लाज. कारण शिंपीण खोटं बोलत नव्हती.

मिस्त्रीण म्हणजे हातपंप दुरुस्त करणारी. हे काम आधी तिच्या सासऱ्याचं होतं. सासरा गेल्यावर ते त्याच्या मुलाकडं जायचं, पण मुलाच्या अंगात ताकद भरपूर आणि बाकी सगळा आनंद. आटे उलटे फिरवून त्यानं दोन पंप कायमचे झोपवले, तेव्हा कचेरीनं सुनेला विचारलं. सासऱ्याच्या हाताखाली तीच सगळं शिकली होती. तेव्हापासून बेचाळीस वस्त्यांचे पंप तिच्याकडं होते, आणि नवरा तिचा मदतनीस. कुणी चिडवलं तर तो स्वतःच म्हणायचा, "ही मिस्त्री आणि मी बैल. बैलाला काय, ओढ म्हटलं की ओढायचं."

सासऱ्याच्या काळात पंप बिघडला की कचेरीत जाऊन वहीत तक्रार लिहायची. वही कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली ज्याच्याकडं तो रजेवर. सहा-सहा महिने पंप मान टाकून उभा असायचा. दोन वर्षांपूर्वी नवे साहेब आले आणि त्यांनी वहीच बंद केली. आता तक्रार फोनवर. तक्रारीला नंबर, नकाशावर लाल ठिपका. सात दिवसांत मिस्त्रीनं जायचं, पंप दुरुस्त करायचा, वाहत्या पाण्याचा फोटो चढवायचा. फोटो चढला की ठिपका हिरवा. लाल ठिपके साठले तर मिस्त्रीचं कंत्राट पुढं चालू राहत नसे. मिस्त्रिणीला ही पद्धत मनापासून आवडली होती. कुणाच्या पाया पडायला नको, कुणाची वाट बघायला नको. पहिल्या वर्षात तिनं इतके पंप उभे केले, की लोक तिला लांबून ओळखायला लागले.

गडबड झाली ती वॉशरमुळं.

पंपातले चामड्याचे वॉशर वाळले की पाणी धरत नाहीत. म्हणून दुरुस्तीनंतर डोक्याचं झाकण उघडून वरून दोन कळशा पाणी ओतायचं. वॉशर भिजतात, फुगतात, पंप पकडतो. सासऱ्यानंच ते शिकवलं होतं. पहिल्या दोन-चार हेलकाव्यांना ओतलेलंच पाणी बाहेर येतं, मग खालचं. गेल्या उन्हाळ्यात खाणीशेजारच्या वस्तीवर तिनं असंच पाणी ओतलं, दांडा मारला, धार लागली, तिनं फोटो काढून चढवला. ठिपका हिरवा झाला. पाचव्या हेलकाव्याला पंपानं नुसता श्वास सोडला. खाली पाणीच नव्हतं.

तिनं लगेच कचेरीत कळवलं. सुपरवायझर म्हणाला, "बंद तक्रार उघडत नाही, बाई. नवीन टाकायला सांगा." वस्तीनं नवीन टाकली. ती फिरून मिस्त्रिणीच्याच फोनवर आली. तिथं बटणं तीन होती: दुरुस्त झाला. सुटा भाग हवा. वस्तीनं काम करू दिलं नाही. जमिनीत पाणी नाही, असं बटण नव्हतं. तिनं 'सुटा भाग हवा' दाबलं, तर आठ दिवसांनी वॉशरचं खोकं आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा खोकं आलं. घरात अशी तीन खोकी झाली. शेवटी सातवा दिवस उलटायच्या आत तिनं दोन कळशा पाणी ओतलं आणि फोटो काढला.

एकदा जमलं की दुसऱ्यांदा अवघड जात नाही. यंदा फाल्गुनातच पाणी खाली गेलं, आणि वैशाख लागेपर्यंत अशा फोटोंच्या तेवीस वस्त्या झाल्या होत्या. तेविसावी तिची स्वतःची. मग टँकर द्यायची वेळ आली, तेव्हा कचेरीनं नकाशा बघितला. नकाशा हिरवागार होता.

दुपारी सासू आली. ती पहाटेच खाणीच्या डबक्यावर गेली होती. एका गुडघ्याला कापड गुंडाळलेलं, डोक्यावर अर्धी कळशी. अर्धी, कारण पूर्ण भरली तर गुडघा उचलत नाही. दारातली भांड्यांची रांग बघून ती थांबली. कुणालाच काही न विचारता एकेक भांडं पायानं बाजूला सारत आत आली आणि कळशी खाली ठेवली. पाणी मातीच्या रंगाचं होतं.

"आई, मी जाते उद्यापासून," मिस्त्रीण म्हणाली.

"तू कुठं जातेस? तुला कामावर जायचं असतं." सासू गुडघा चोळत बसली. मग म्हणाली, "आज डबक्यावर एक पोर घसरली. पोटुशी आहे. वर काढली आम्ही. काही झालं नाही. पण मला विचारत होती, तुमची सून पंपाची मिस्त्री ना?"

"मग?"

"मी नाही म्हटलं."

सासूनं आजवर तिला चारचौघांत कधी नाकारलं नव्हतं. उलट बाजारात गेली की ओळख नसलेल्या माणसालाही सांगायची, माझी सून पंप उघडते म्हणून.

तिनं फोन उचलून सुपरवायझरला लावला. त्याला सगळे शंभरटक्के म्हणायचे. त्याच्या तोंडी दुसरा शब्द नसे.

"आमच्या वस्तीचा पंप कोरडा आहे," ती म्हणाली. "टँकर पाठवा."

"शंभर टक्के चालू दाखवतोय, बाई. फोटो आहे. तुम्हीच काढलाय."

"मीच सांगतेय ना आता?"

"तुम्ही काय सांगता त्याला अर्थ नाही. फोटो काय सांगतो ते बघायचं. आणि आरडाओरडा करू नका. वरच्या कचेरीत आपला नंबर पहिला आलाय."

तिनं फोन खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. अंगणात गेली, आत आली. नवरा खाटेवर आडवा होता. त्याच्या पायाला हात लावून तिनं त्याला उठवलं.

"उठा. पंप उपसायचाय."

"कुठला?"

"आपला. आणि सोमवारी साहेबांकडं न्यायचाय."

"पंप?" नवरा उठून बसला. "अगं, साहेबांकडं अर्ज नेतात."

"अर्ज खोटा असतो म्हणतात ते. पाइप खोटे म्हणू देत."

ऊन कलल्यावर दोघं पंपावर गेले. डोक्याचे बोल्ट तापून लाल झाल्यासारखे होते. तिनं पदर हाताला गुंडाळून ते सोडवले. नवऱ्यानं तीन पायांचं तिकाटणं उभं केलं, साखळी अडकवली. खालून पाइप वर घ्यायचा, क्लॅम्पनं धरायचा, आटे सोडून बाजूला ठेवायचा, मग दुसरा. असे बारा. पाइपात पाणी भरलेलं असलं की तो असा जड होतो की नवऱ्याच्या मानेच्या शिरा सुतळीसारख्या उभ्या राहतात. आज पहिल्या झटक्यालाच सगळं भराभर वर आलं, आणि तो मागं पडता पडता वाचला.

"अरे वा! आज बैलाला सुट्टी," तो हसत म्हणाला. मग त्यानं बायकोचं तोंड बघितलं आणि हसू आवरलं.

तोवर वस्तीतल्या बायका जमल्या होत्या. शिंपीण पुढं येऊन पाइप धरायला लागली. कुणी बोलावलं नव्हतं. आठवा पाइप कोरडा. नववा कोरडा. आतल्या सळ्यांवर पाण्याच्या खुणा असतात. वर्षानुवर्षं पाणी जिथवर उभं राहिलं तिथवर गंज वेगळा चढतो. मिस्त्रीण एकेक सळई बोटानं चाचपत होती. बारावी, सगळ्यात खालची सळई तिनं उलटी धरून झटकली. तिच्यावरून बारीक वाळू पडली.

"अगं बाई," शिंपीण हळूच म्हणाली. एवढंच.

सोमवारी साहेबांची उघडी भेट असे. कुणीही यावं, रांगेत बसावं. हेही त्यांनीच सुरू केलेलं. नवऱ्यानं हातगाडीवर पाइप आणि सळ्या बांधल्या. नऊ किलोमीटर ढकलत नेल्या. कचेरीच्या फाटकावर शिपायानं अडवलं.

"भंगार मागच्या बाजूला."

"भंगार नाही. तक्रार आहे," मिस्त्रीण म्हणाली.

शिपायानं तिच्याकडं बघितलं, पाइपांकडं बघितलं आणि सोडलं. नवऱ्यानं ते व्हरांड्यात ओळीनं मांडले. अर्धा व्हरांडा त्यातच गेला. लोक पाय उचलून ओलांडायला लागले. तेवढ्यात शंभरटक्के धावत आला. त्यानं तिला खांबामागं ओढलं.

"हे काय नाटक? तुम्हाला टँकर हवाय ना? मिळेल. तुमच्या वस्तीपुरतं मी 'तांत्रिक बिघाड' म्हणून दुरुस्त करून घेतो. यंत्राची चूक. तुमचं नाव नाही, माझं नाही. उद्या टँकर दारात. बाकी काही बोलू नका."

"बाकीच्या बावीस वस्त्या?"

"त्यांनी काही विचारलंय का?"

"त्या माझ्याकडंच विचारतात. माझ्या फोनवर."

"मग उचलू नका फोन." त्यानं नवऱ्याकडं वळून समजावलं, "तुम्ही तरी सांगा. खोटी नोंद कबूल केली की त्याच मिनिटाला कंत्राट बंद. नियमच तसा आहे. मग बसा दोघं घरी माशा मारत."

नवरा घाम पुसत उभा होता. "घे की गं," तो म्हणाला. "आईचा गुडघा बघ. आधी आपलं घर, मग गाव."

तिला ते पटत होतं. हेच वाईट होतं. सासूची अर्धी कळशी तिच्या डोळ्यांसमोर होती आणि सुपरवायझरच्या एका बोटावर टँकर होता. ती बाकावर बसली, उठली, पुन्हा बसली. रांगेतला पुढचा म्हातारा म्हणाला, "बाई, बसा नाहीतर उभ्या राहा. तुमच्यापायी मला गरगरतंय." तेवढ्यात तिचं नाव पुकारलं गेलं.

साहेब वयानं तिच्याहून लहान असतील. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, टेबलावर गार झालेला चहा. भिंतीवरच्या पडद्यावर नकाशा, त्यावर हिरवे ठिपके. ते चांगले ठिपके आहेत, असं त्यांच्या बघण्यावरून कळत होतं.

"बोला, ताई."

मिस्त्रिणीनं बारावी सळई सोबत आणली होती. ती तिनं टेबलावर, कागदांवर आडवी ठेवली. गंजाचा भुगा कागदांवर सांडला.

"ही सगळ्यात खालची. एकशेवीस फुटांवरची. वर आली तेव्हाही अशीच होती, सगळी वस्ती साक्षीला आहे. हात लावून बघा, साहेब."

साहेबांनी लावला. बोटं चोळली.

"कोरडी आहे."

"त्या तिथला ठिपका हिरवा आहे."

साहेबांनी पडद्याकडं पाहिलं. ठिपका दाबला. फोटो उघडला. पंपाच्या तोंडातून छान धार पडत होती. खाली मिस्त्रिणीचं नाव, तारीख, वेळ.

"हा फोटो कुणाचा?"

"माझा. पाणी पण माझंच. दोन कळशा वरून ओतलं."

मागं शंभरटक्के खाकरला. "साहेब, तांत्रिक बिघाड..."

"थांबा." साहेबांचा चेहरा उतरला होता. "असे किती, ताई?"

तिनं नवऱ्याकडं बघितलं नाही. "तेवीस."

साहेबांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "मी दोन वर्षं ह्याच्यासाठी घासलीत," ते म्हणाले. तिला म्हणाले की स्वतःला, कळलं नाही. "का केलंत? मला सांगायचं होतंत."

"कुठं सांगू? तुमच्या फोनवर तीन बटणं. पाणी नाही, असं बटण दाखवा मला. मी वॉशर मागवत राहिले, तुम्ही वॉशर पाठवत राहिलात."

साहेबांनी तिचा फोन मागून घेतला. बटणं बघितली. स्वतःच बनवून घेतलेली बटणं ते पहिल्यांदा बघितल्यासारखे बघत राहिले. मग त्यांनी पडदा जवळ ओढला.

"खोटी नोंद म्हणून उघडता येईल. तुमचा अंगठा लागेल, प्रत्येकीला. पण मग कंत्राट..."

"माहीत आहे. ह्यांनी सांगितलंय."

"कुठून सुरू करू?"

पहिला खोटा फोटो जिथला, तिथून. तिला दुसरं सुचलंच नाही. "खाणीशेजारची वस्ती," ती म्हणाली. त्या वस्तीनं तीनदा तक्रार केली होती आणि तीनदा तिच्याच अंगठ्यानं गप्प झाली होती. साहेबांनी ठिपका उघडला, कारण लिहिलं. तिनं काचेवर अंगठा टेकवला. नकाशावर एक ठिपका लाल झाला. नवऱ्यानं श्वास सोडला.

"आता आमचा," ती म्हणाली आणि पुन्हा अंगठा टेकवला.

पडदा तसाच. तिनं अंगठा पदराला पुसून पुन्हा टेकवला. पडद्यावर ओळ आली. साहेबांनी ती मनात वाचली, मग मोठ्यानं वाचली, कारण वाचणं भागच होतं. "खोटी नोंद आढळल्यामुळे या मिस्त्रीचा प्रवेश बंद करण्यात आला आहे."

"म्हणजे?" नवऱ्यानं विचारलं.

"म्हणजे आता ताईंचा अंगठा चालणार नाही. आणि दुसऱ्या कुणाचा चालत नाही. ज्यानं चढवलं त्यानंच उघडायचं." साहेब खुर्चीत मागं टेकले. "फसवणूक होऊ नये म्हणून. मीच घातलाय तो नियम."

शंभरटक्के हळूच म्हणाला, "सांगत होतो मी."

मिस्त्रीण काचेवरच्या आपल्या अंगठ्याच्या ठशाकडं बघत राहिली. काम गेलं होतं. आणि तिच्या वस्तीचा ठिपका अजून हिरवाच होता. सासूला काय सांगायचं? एका वस्तीसाठी नोकरी घालवली, आणि ती वस्तीही आपली नव्हे? तिला एकदम मोठ्यानं रडावंसं वाटलं. पण तिनं खुर्ची पुढं ओढली आणि त्या खोलीत आल्यापासून पहिल्यांदा बसली.

"ताई, तुम्ही आता जा. मी वर लिहितो. नियम बदलायला दोन-तीन महिने..."

"तोवर पाऊस येईल, साहेब. तेव्हा कुणाला टँकर हवाय?" ती म्हणाली. "कागदावर द्या. तुमच्या सहीनं."

"सहीनं टँकर देणं मीच बंद केलंय. आधी काय चालायचं माहीत आहे ना? ज्याची ओळख त्याच्या दारात टँकर. खोट्या सह्या, खोट्या वस्त्या."

"माहीत आहे. तेव्हा सही खोटी होती. आता फोटो खोटा आहे. आमच्या घशाला दोन्ही सारखेच." ती टेबलावर थोडी वाकली. "तुमची सही खोटी आहे का?"

साहेबांनी टेबलावरची सळई थोडी सरळ केली.

"मग करा. बेचाळीस पंप मला तोंडपाठ आहेत. कुठला कुठवर कोरडा, सगळं सांगते. तुम्ही प्रत्येक ठिकाणी माणूस पाठवून सळई उपसून बघा. एक जरी ओली निघाली तर मला तुरुंगात टाका."

"बाहेर रांग आहे, ताई."

"असू दे. मी थांबते. मला आता कुठं जायचंय? कामच नाही." एवढं बोलून तिला हसू आलं आणि त्याबरोबर डोळे भरले. दोन्ही तिनं तसंच राहू दिलं. "आता मला वेळच वेळ आहे, साहेब."

साहेबांनी शंभरटक्केकडं बघितलं. "कोरे कागद आणा."

"साहेब, कागद तर आपण बंद..."

"आणा म्हटलं ना."

कागद यायला वेळ लागला. कचेरीत शोधावे लागले. शिपायानं कुठल्या तरी जुन्या छापील अर्जांची पाठकोरी चळत आणून ठेवली. साहेबांनी खिशातून पेन काढलं, ते चालेना. झटकलं, तळहातावर रेघोट्या मारल्या. नवऱ्यानं कानावरची पेन्सिल पुढं केली, पाइपांवर खुणा करायची, जाड शिशाची. साहेबांनी ती घेतली, पण खाली सही पेनानंच करावी लागेल, असं म्हणाले.

"करा. पेन मिळेल," मिस्त्रीण म्हणाली.

"नाव सांगा वस्तीचं. पंपाची खोली. किती घरं."

"आधी आमची," ती म्हणाली. "आधी आमचीच लिहा. साठ घरं, एकशेवीस फूट, बारा पाइप, बाराही कोरडे. बाहेर पडलेत, मोजून घ्या. मग बाकीच्या एकवीस सांगते."